दिव्याखालचं गवत

पत्नी गेल्यापासून बँकेच्या कामाला मीच आदिलाबादला जातो. परतताना आमच्या तामसी गावच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि प्लॅस्टिकचं गवत बसवणारा कारागीर बोलत होते.

“सोनामावशी, तुमच्या पोराचा, भूषणभाऊचा फोन आला होता. अंगणातलं गवत जळालं म्हणे. काऊन जळालं?”

“तुहे काका गेले तवा त्यांना तिथंच निजवलं होतं. उचलून नेल्यावर त्या जागी दिवा ठेवला, रीतच हाय ना. पितळी दिवा तापला. खाली प्लॅस्टिक हाय, हे कोणाच्या ध्यानातच नाई राह्यलं.”

“केवढं वितळलं?”

“बशीएवढं.”

“सोपं हाय मग. तेवढं कापून नवा तुकडा चिकटवतो. कुठं जळालं होतं, ते तुमालेबी सापडणार नाई.”

“तेच नको, बाबू. मी रोज तिथं जाऊन बसते.”

“मग भाऊनं काऊन बोलावलं मले?”

“त्याले पाव्हण्यांपुढं बरं नाई वाटत. त्याचंबी चुकत नाई.”

“बरं. मी नुसती कडा चिकटवून देतो, म्हणजे भोक वाढणार नाई. भाऊले सांगतो, त्या रंगाचं गवत आता येऊन नाई राह्यलं.”

“खरंच नाई येत?”

“माह्या दुकानात त नाई येणार, मावशी.”