चीनहून आलेली आमची खूण

चीनच्या मालाचं नाव काढू नका बाबा माझ्यापुढं. उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीतनं पुण्याच्या एका कंपनीला पंपाची झाकणं जायची. ते चीनचं खूळ नवीन आलतं तवा त्यांचा साहेब म्हणाला, "आता माल तिकडूनच मागवणार." वर नमुना म्हणून आमचंच झाकण घेऊन गेला!

सहा महिन्यांनी त्याचा फोन. "पाटील, तुमची झाकणं गळतायत."

"अवो, आमी दिलीतच कुठं?"

तावातावानं पुणं गाठलं. बघतोय तर चीनच्या प्रत्येक झाकणावर आमच्या फौंड्रीची खूण! आमच्या दस्तगीर मिस्त्रीच्या हातनं लाकडी साचा पडलेला, तवा साच्याचा उडालेला टवका बी झाकणावर जसाच्या तसा!

म्हटलं, "साहेब, ही चीनची हायत."

साहेब शांतपणे म्हणतोय, "असतील. पण खूण तुमची आहे ना? मग बदलून तुम्हीच द्या."