एफीबाईंचं शेवटचं कडवं

…आणि दाताचं विचारूच नका! सगळे तेच विचारतात. पावाच्या दुकानात गेलो, तर ती काउंटरवरची पोरगी, "क्लेमकाका, समोरचा दात कुठाय?" पोस्टात गेलो, तिथं तेच. काय सांगू? गाण्याच्या कार्यक्रमात पडला म्हणून सांगू? कुणाला खरं वाटेल? लोक म्हणतात, "अहो, तुम्ही तर लोकसंगीत मंडळ चालवता!" हो, चालवतो ना! 'तीन हेरिंग' पबच्या माडीवर, दर गुरुवारी, माझ्या डोक्यावर केस होते तेव्हापासून चालवतोय! लोकसंगीत हो! शांत माणसांचा छंद! जाड स्वेटर घालून बसायचं, डोळे मिटायचे, एक बोट कानात घालायचं आणि मेंढ्यांबद्दल गायचं… यात दात पडायचं कारण काय, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ पाहुण्यांचा. घरचे गाणारे बिचारे निरुपद्रवी. आमचा ओसवल्ड घ्या. गाय अडल्यासारखा गातो, पण कुणाच्या अंगावर जात नाही. पाहुणा कलाकार आला की मात्र काही ना काही होणारच! एक बासरीवाला आला होता आयर्लंडचा, मध्यंतरात "खालून एक बिअर घेऊन येतो" म्हणून गेला, तो अजून यायचाय! एक बाई आल्या होत्या, त्या फक्त कुत्र्याकडे बघून गायच्या, आणि कुत्रं आणायला विसरल्या, मग ओसवल्डला समोर बसवला… पण हे परवडलं हो! हे सगळं परवडलं!

त्या गुरुवारी पाहुण्या होत्या एफी मॅकरॉबी. स्कॉटलंडच्या. एवढीशी म्हातारी, वारा सुटला तर हाताला धरून ठेवावी अशी. आई तिची हेरिंग चिरणारी. मासळीच्या मोसमात बोटींच्या मागोमाग सगळा किनारा उतरत यायची, बोटांना चिंध्या गुंडाळून. गाणी सगळी त्या आईची. आणि गाणी कसली? खून! निव्वळ खून! सासूनं सुनेचा केला, भावानं भावाचा केला, पाटलानं… म्हणजे त्यांच्याकडच्या सरदारानं आचाऱ्याचा केला. आणि हे सगळं गाताना बाई विणत बसायची! सुया टकटक टकटक, आणि चेहरा असा, जशी काही बाळाला अंगाई म्हणतेय.

तर दुपारी बाईंचा फोन आला, "पोरा, गाडी बर्फात अडकलीय, माझं काही खरं नाही." मी डोकं धरून बसलो. आधीच लोक कमी झालेले, खाली मालकीणबाई ग्लेनिस रोज टोमणे मारतेय, (आवाज कसा, बोटीच्या भोंग्यासारखा) "क्लेम! तुझी सात टाळकी तिथं रडत बसतात, त्यापेक्षा मी डार्टचा फळा लावीन!" एक गुरुवार पाहुण्याशिवाय गेला की मंडळ गेलंच. तेव्हा ओसवल्ड म्हणतो, (हा बोलतो कसा, प्रत्येक शब्दाला खुर्ची देऊन बसवतो) "मी… लॅम्बर्टला… बोलावू?"

लॅम्बर्ट थ्रोप! अहो मोठं नाव! दाराएवढा माणूस, दाढी बेंबीपर्यंत, गळ्यात मेलोडियन, ती भात्याची पेटी हो, आणि आवाज असा की खिडक्यांची तावदानं कोरस धरतात! आणि तो आला! मी खूश! आणि तेवढ्यात दार उघडलं आणि डोक्यावर बर्फ घेऊन एफीबाई आत! माशांच्या ट्रकमध्ये बसून आल्या होत्या! मी डबल खूश! एका संध्याकाळी दोन पाहुणे! मी म्हटलं, "या, या, तुमची ओळख करून देतो…"

एफीबाई पांढऱ्या पडल्या. लॅम्बर्ट लाल झाला. बाई म्हणाल्या, (बारीक आवाज, पण कात्री) "मी आधी गाईन. तो नंतर गाईल. त्यानं माझ्याशी बोलायचं नाही."

मी ओसवल्डला कोपऱ्यात ओढला. तर हा शांतपणे म्हणतो, "त्यांचं… लग्न… ठरलं होतं." अरे! अरे बाबा! हे आधी सांगायचं ना! तर म्हणे दोघं तरुणपणी जोडीनं गायची. चर्च ठरलं, केक झाला, आणि आदल्या दिवशी मोडलं. का, ते कुणाला ठाऊक नाही. पण नंतर हा लॅम्बर्ट प्रसिद्ध झाला एकाच गाण्यावर, 'गिरणीवाला आणि कोळ्याची पोर' (गिरणी म्हणजे नदीकाठची, पाण्याच्या चाकावर चालणारी), आणि ते गाणं होतं एफीबाईंच्या आईचं! रेकॉर्डवर मात्र छापलं काय? 'पारंपरिक'!

मी म्हटलं, जाऊ दे. जुन्या गोष्टी. म्हातारी माणसं. लोकसंगीत हो! शांत माणसांचा छंद!

पहिला अर्धा भाग सोन्यासारखा गेला. बाईंनी पाच-सहा मुडदे पाडले, लोकांचे डोळे पाणावले. मग लॅम्बर्ट उभा राहिला. आता शहाण्या माणसा, तुझ्याकडे बोटींची गाणी आहेत, बैलांची आहेत, दारूची तर पोत्यानं आहेत. नाही! यानं भाता ओढला आणि सुरू केलं तेच! तेच! एफीबाई पहिल्या रांगेत. सुया टकटक टकटक. मी मनात देवाचा धावा करतोय. आणि हा प्राणी वर लोकांना म्हणतो, "चला, सगळ्यांनी माझ्याबरोबर!" आणि सगळी माडी गातेय,

*गिरणीवाल्यानं दिला धक्का, पोर गेली तळाशी,*
*केस तिचे गुंतले हो चाकाच्या आऱ्यांशी…*

टकटक थांबली.

"खोटं!" बाई उभ्या. "बुडत नाही ती!"

लॅम्बर्ट डोळे मिटूनच म्हणतो, "बाईसाहेब, गाणं पारंपरिक आहे."

"पारंपरिक? पारंपरिक? पारंपरिक माझी आई होती!"

आणि तुम्हाला सांगतो, कळायच्या आत ती सुई, खच्च! भात्यात! आरपार! मेलोडियनचा आवाज असा निघाला, फुस्स्स्… म्हशीनं सुस्कारा टाकावा तसा. लॅम्बर्टनं डोळे उघडले. आपल्या पेटीकडे बघितलं. पट्टा गळ्यातून काढला आणि ती गरगरा फिरवली, बाईंना लागावी म्हणून नाही हो, नुसता संताप! पण मी मध्ये पडलो ना! मी मंडळाचा चालक! "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत हात वर करून गेलो आणि धाड्! कोपरा इथं लागला. दात निघाला तो सरळ कुणाच्या तरी बिअरमध्ये. डुबुक! आणि तो माणूस पीत होता हो, बघितलंही नाही त्यानं!

इथं थांबलं असतं. पण मागून एकजण ओरडला, "बुडालीच पाहिजे! माझ्याकडे रेकॉर्ड आहे!" तशी खिडकीपाशी बसलेली रिटायर नर्स उठली, "बाई म्हणते ते खरं! पोर जगलीच पाहिजे!" आणि तिनं त्या रेकॉर्डवाल्याच्या डोक्यात बॅंजो घातला. घातला म्हणजे अक्षरशः घातला! कातडं फाडून डोकं बाहेर! बॅंजो गळ्यात अडकवून तो पठ्ठ्या "बुडाली! बुडाली!" म्हणत बुक्क्या मारतोय, रक्त कानातनं गळतंय, टेबलं उलटी, एकजण फिडलचा गज घेऊन दुसऱ्याच्या नाकात… नको, ते सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

आणि खाली काय चाललं होतं? मॉरिस नाचवाल्यांची तालीम! इंग्रजी लोकनाच हो, पायात घुंगरं, हातात काठ्या आणि रुमाल. त्यांना वर धडधड ऐकू आली, वाटलं नाच सुरू झाला. सगळे वर! आता भांडण कशाचं ते त्यांना माहीत नाही, पोर बुडाली का पोहली त्यांना कर्तव्य नाही, हातात काठी आहे आणि समोर माणूस आहे, बस्स! आणि सवय बघा, तालात मारत होते हो! एक-दोन-तीन, फटाक्! वळा, रुमाल उडवा, एक-दोन-तीन, फटाक्! ओसवल्डच्या बरगड्यांवर पूर्ण एक नाच झाला! ओसवल्ड ओरडतोय, "मी… कुणाच्याच… बाजूचा…" पण वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी काठी! लोकसंगीत हो! शांत माणसांचा छंद!

मग ग्लेनिस आली. हातात आग विझवायचं नळकांडं. दारात उभी राहिली, गरजली, "क्लेऽऽम!" आणि सोडला फवारा सरसकट! सगळी माडी पांढरी! आणि फेस खाली बसला तेव्हा बघतो तर काय, लॅम्बर्ट उताणा, आणि त्याच्या छातीवर एफीबाई! पोपट खांबावर बसतो तशा! दाढी एका मुठीत, दुसरी सुई त्याच्या नाकाच्या शेंड्यावर.

"गा!" बाई म्हणाल्या. "शेवटचं कडवं गा. खरं!"

"मला येत नाही."

"खोटारड्या!"

"एफी, मला येत नाही!" आणि तो दाराएवढा माणूस रडायला लागला हो. "तुझी आई मला रोज एक कडवं शिकवायची. आणि म्हणाली, शेवटचं जावई झालास की शिकवीन, ते घरच्या माणसाला. आणि तू लग्न मोडलंस!"

"मी मोडलं? तू माझ्या बहिणीचा मुका घेतलास!"

"अगं, अंधार होता! मला वाटलं तूच आहेस!"

"तेही पारंपरिकच असेल!" आणि दिली एक कानशिलात.

मग बाईच जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण मग बुडवलीस कशाला तिला, मेल्या?"

तो म्हणाला, "मला काय माहीत गं? पाण्यात पडली इथपर्यंत मला ठाऊक. पुढं कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, मेलीच असेल. चाळीस वर्षं मी ते गातोय आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, कुणीतरी पुढचं सांगावं."

बाईंनी सुई खाली ठेवली. दाढी मात्र सोडली नाही. आणि छातीवर बसल्या बसल्याच गायला लागल्या,

*पोहत आली काठाला ती, सुरी होती कमरेला,*
*गिरणीवाला बसला होता भाकरतुकडा खायला.*
*हेरिंग जसं चिरतात हो, तसं चिरलं त्याला,*
*पीठ झालं लालेलाल, कुणी येईना दळायला!*

"म्हण," म्हणाल्या. तो म्हणाला. "हेरिंग जशी…" चुकला. फाट्! "जसं!" पुन्हा म्हणाला. पुन्हा चुकला. फाट्! चूक झाली की थोबाडीत, थोबाडीत बसली की ओळ पक्की! अशी तालीम मी जन्मात बघितली नाही. आणि हळूहळू सगळी माडी म्हणायला लागली हो, कुणी नाक धरून, कुणी डोकं धरून, तो बॅंजोवाला बॅंजोतून, मॉरिसवाले घुंगरं वाजवत. मीही म्हणालो. माझ्या तोंडातून नुसतं "फ… फ…" येत होतं, पण म्हणालो. रडलोही. रक्त कुठलं आणि पाणी कुठलं, कळत नव्हतं.

मग पोलीस आला. दारात उभा राहून बघतोय, "काय चाललंय इथं?" तर सगळे एका सुरात, "गाणं शिकतोय!" त्यानं उताण्या लॅम्बर्टला विचारलं, "तुमची काही तक्रार?" लॅम्बर्ट म्हणाला, "नाही हो साहेब. दुसरी ओळ अजून कच्ची आहे." दोन बरगड्या मोडल्या होत्या त्याच्या! ॲम्ब्युलन्समध्ये बाई बरोबर गेल्या. मी म्हटलं, "फार मोठं मन हो तुमचं." तर म्हणतात, "मन कसलं, पोरा? वाटेत परत म्हणून घेते." आता दोघं पुन्हा जोडीनं गातात. गाण्याखाली तिच्या आईचं नाव लावतात. भांडतात, पण सुरात.

चांगलं झालं ना? तुम्हाला वाटेल, शेवट गोड झाला. अहो, शेवट कुठला! गावभर बोभाटा! पुढच्या गुरुवारी माडी गच्च. जिन्यात माणसं, खिडकीत माणसं, ग्लेनिसचा चेहरा फुललेला. आणि पाहुणी कोण? हार्प वाजवणारी एक नाजूक मुलगी, समुद्रपक्ष्यांवर गाणी. काय वाजवलं हो तिनं! चांदणं सांडावं तसं! कार्यक्रम संपला. मी आभार मानले. कुणी उठेना. टाळी नाही, काही नाही. नुसते बसलेत, वाट बघत. ती पोरगी बिचारी घाबरी झाली, तिला वाटलं आपलं काही चुकलं. आणि मागून एकजण ओरडला, "अहो क्लेम! ते सुरू कधी होणार?"

मी ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, जिथं डार्टचा फळा चांगला शोभला असता.

आता काय करणार, सांगा! त्या पोरीवर कुणी हात उगारलेला मला चालणार होता का? मंडळ बंद झालेलं चालणार होतं का? मी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, ओसवल्डच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "हं. मार बाबा."