सहाच्या सहा हिरव्या

निपाणीच्या बसमध्ये नीलमच्या मागच्या सीटवर वडगावचे विणकर आप्पा आणि त्यांची गिटारवाली नात बसले होते.

“काय वैताग! उतरलं की स्पर्धा, आणि गाडीच्या आवाजात मोबाईलच्या ट्यूनरला तारांचा सूरच कळंना.”

“दे ती हिकडं. ही तार लई ढिली हाय.”

“आप्पा, पिळू नका, तुटंल!” नात ओरडली.

“चाळीस वर्सं मागावर धागा ताणलाय. ढिला कुठला ते बोटाला कळतंय. तुझ्या मोबाईलच्या बापाला तरी कळंल काय?”

संकेश्वरला इंजिन बंद झालं. मागं एकेक तार वाजली.

“अगं बाई! मोबाईल सहाच्या सहा तारा हिरव्या दाखवतोय! सगळ्या सुरात!”

नीलमला राहवेना. ती मागं वळली.

“आप्पा, काय तयार कान हाय तुमचा!”

“आँ?”

“जोरात बोला, आक्का,” नात म्हणाली. “त्यांचे दोन्ही कान पावरलूमनं कवाच खाल्लेत.”