तळ्याकडची बाजू

हर्षा : कुंपणाचा हा शेवटचा खड्डा बघ, दादा. इथून तळ्याकडचा कोपरा सहा फूट राहतो. मी टेप दोनदा धरला.

धनंजय : राहते तं राहू दे. सहा फुटानं काय आभाळ कोसळते?

हर्षा : सहा फुटांतून रानडुक्कर आत येतं.

धनंजय : खड्डे खणून पाहले, पण ही बाजू आता मी बांधूनच नाही राहिलो. दोन बाजूले जाळीच्या बारा-बारा फुटाच्या चौकटी बरोबर बसतेत. ही बसली नाही, सोडली. अन् तिकडं तळंच आहे.

शकुंतलाबाई : डुकरं पाणी प्याले तिथूनच येतेत रे बापू.

धनंजय : आई, तू शेंगा सोल.

हर्षा : बारा कुठून काढलेस?

धनंजय : शेत तिकोनी. रस्त्याकडची बाजू एकशे बत्तीस, नत्थूकाकाच्या शेताले लागून धुऱ्याची एकशे छप्पन. दोन्हीले भाग जाईल असा सगळ्यात मोठा आकडा बारा. मसावि बाबानं मले बी शिकवला होता.

हर्षा : आणि तळ्याकडची?

धनंजय : दीडशे.

हर्षा : दीडशेला बारानं भागलं की सहा उरतात. तेच हे सहा फूट. बाबा काय म्हणायचे? जेवढे आकडे दिलेत तेवढे सगळे धरा. तिन्हींना भागणारं सगळ्यात मोठं माप सहा आहे. सहा फुटांची चौकट सांग.

धनंजय : वा, मास्तरीण. खांब दुप्पट, खड्डे दुप्पट. खणणार कोण, तुह्या साकोलीच्या शाळेतले पोट्टे?

हर्षा : मग बाराच्याच ठेव. शेवटची एक अर्धी कापून घे.

धनंजय : इश्वर वेल्डर एकाच साच्यात बनवते. कापून देत नाही तो.

हर्षा : सकाळी येताना अड्याळला उतरले मी. त्याला विचारलं. म्हणाला, कापून देतो की, तुमच्या दादानं सांगितलंच नाही.

(धनंजय पायानं खड्ड्यात माती लोटत राहतो.)

धनंजय : नाही सांगतलं. तळ्याकडची बांधी, हा धानाचा तुकडा, तू मागून राहिली. तुह्या बांधीले मी कायले जाळी लावू?

हर्षा : म्हणजे तिसरा आकडा तू विसरला नव्हतास. गाळलास.

धनंजय : हो, गाळला. चिखल मी तुडवतो. तू पोळ्याले येते, पुरणपोळी खाते अन् बस धरते. बोली बी साकोलीचीच झाली तुही.

हर्षा : मग तुह्या बोलीत विचारतो. बाबा गेले त्या साली तुहा गुडघा मोडला होता. तवा या बांधीत धानाचा रोवणा कोणं लावला? शाळेची सुट्टी टाकून कोण वाकलं होतं इथं?

शकुंतलाबाई : हळू बोल माय. नत्थू आयकून राहिला.

हर्षा : ऐकू दे. आणि तू, आई? बाबांनी ही बांधी मला देतो म्हटलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस. मी विचारलं की तुझं एकच, बघू. दादाला राग येईल, बघू. लोक बोलतील, बघू. ही बाजू उघडी राहिली ती तुझ्या या बघूमुळे.

धनंजय : आईले मंधात आणू नको.

हर्षा : सातबारा तिच्या नावावर आहे. मधे तीच आहे.

धनंजय : आई, बोल ना तू काही. सांग इले.

शकुंतलाबाई : इश्वरले फोन लाव.

धनंजय : काय सांगू? एक चौकट कापून दे म्हणू?

शकुंतलाबाई : एकच काहून कापाची? सहाची सांग. तिन्ही बाजूले एकच माप.

धनंजय : खड्डे दुप्पट होतेत, आई.

शकुंतलाबाई : अर्धे हर्षा खणते. अन् उद्या मले तलाठ्याकडं घेऊन चाल. तळ्याकडची बांधी हर्षाच्या नावानं करतो मी.