सगळ्यात चांगले ब्रेक

हे खरं तर मी कुणालाच सांगायचं नव्हतं. बाबांनी तशी शपथ घातली होती, तीही स्वतःची, कारण आईची घातली तर आईला कळेल म्हणाले. पण आता ती लाल गाडी तुमच्या डोळ्यांदेखत होस्टेलच्या गेटसमोरून तिसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदाही थांबली नाही, मी सकाळी नऊपासून इथं ट्रंक घेऊन बसलेय, आणि तुम्ही सगळ्या जणी तोंडावर ओढणी धरून विचारायला लागलात की भार्गवी, ते तुझे बाबाच आहेत ना गं… तर आता लपवायचं काय? हो. माझेच बाबा. आणि तुम्हाला सांगते, अख्ख्या मराठवाड्यात सगळ्यात चांगले ब्रेक त्या गाडीला आहेत. फक्त ती थांबत नाही.

जून ते ऑक्टोबर, एका खोलीत राहतो आपण, माझा आवाज कसा आहे तेसुद्धा तुम्हाला नीट माहीत नसेल. आज ऐकून घ्या. लायबा, तू बस, ट्रंकेवर बस, जागा आहे.

माझे बाबा तसे साधे. नांदेडला विष्णुपुरीत कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असतात, पोरांना लोखंड घासायला शिकवतात, रेणुकादास सर म्हणतात त्यांना, आणि घरी आले की घरात माणूस आलंय हे चपलेवरून कळतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही जुनी पोलो घेतली. आईला वाटलं, बाजारहाटाला झाली. पण ही बाजाराची गाडी नाही, हिचं इंजिन तापट आहे, पाय ठेवला की उधळते. आणि बाबांना कुठून तरी कळलं की तिकडं कोइमतूरला गाड्या पळवायचा एक गोल रस्ता आहे, ठरलेल्या दिवशी कुणीही आपली गाडी घेऊन जावं आणि जीव खाऊन पळवावी. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. मी विचारलं, मग जायचं कशाला? बाबा म्हणाले, "वळणावर गाडी किती धरते ते बघायला." एवढंच. नांदेडहून कोइमतूर, एवढ्यासाठी!

देगलूर नाक्यावरचे मेकॅनिक जिलानी चाचा म्हणाले, "साब, भगाना बाद में. पहले रुकाना आना." म्हणून आधी ब्रेक बदलायचे, मग सस्पेन्शन. आईला काय सांगितलं? गाडीचं काम निघालंय. ते काम जूनमध्ये निघालं ते अजून निघूनच राहिलंय.

आणि जूनमध्येच मी इथं आले. तुम्हाला माहीतच आहे, नांदेडला दहावीला चांगले मार्क पडले की लोक पेढ्याच्या आधी विचारतात, "मग लातूरला कधी?" आईनं माझी गादी, बादली, नीटची पुस्तकं सगळं बांधलं आणि बाबांनी माळ्यावरून ही ट्रंक काढली. मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं की बाबा आले की त्यांना सांगायचं, बाबा, मला घरी यायचंय. पत्रात लिहिता येत नाही, होस्टेलच्या रत्नम्मा काकूंच्या फोनवर बोलता येत नाही, कारण काकू पलीकडं भाजी निवडत बसतात. समोरच सांगायचं. रविवारी भेटायला एक तास मिळतो. एका वाक्याला एक तास खूप झाला, नाही का?

तर पहिल्या रविवारी गाडी आली. बाबा उतरलेच नाहीत. आतूनच म्हणाले, "बस, बस, लवकर बस, नवे पॅड आहेत, बसवून घ्यायचेत." मी बसले. मांडीवर आईनं दिलेला चुरमुऱ्यांच्या सुशीलाचा डबा. तुम्हाला सांगते, नव्या ब्रेकचं एक असतं, ते लावले म्हणजे झाले असं नाही, त्यांना आधी तापवायचं असतं. औसा रोडला मोकळा रस्ता बघून ऐंशीपर्यंत न्यायची, करकचून ब्रेक, वीसवर आली की परत ऐंशी, परत ब्रेक, असं दहा वेळा. तिसऱ्या ब्रेकला डब्याचं झाकण उडालं. पाचव्याला सुशीला काचेवर. सातव्याला माझ्या केसांत चुरमुरे, डोळ्यांत हळद, आणि मी म्हटलं, ठीक आहे, थांबलो की सांगते. दहा झाले. मी तोंड उघडलं. तर बाबा म्हणाले, "आता थांबायचं नाही बरं का. जिलानी म्हणालाय." जिलानी चाचांचा आवाज काढूनच सांगितलं त्यांनी, "गरम ब्रेक पे रुकना नक्को साब. रुके तो पॅड का निशान डिस्क पे बैठता, फिर ब्रेक जिंदगीभर थरथराता." म्हणून ब्रेकला पाय न लावता पंधरा मिनिटं नुसतं फिरायचं, हवेनं गार करायचं. फिरलो. बाबा एकेका चाकाचं सांगत होते. मी केसांतले चुरमुरे काढत होते. गेटपाशी आलो तेव्हा तास संपला होता, रत्नम्मा काकू घड्याळ दाखवत उभ्या होत्या, आणि गाडी जेमतेम मी उतरण्यापुरती थांबली.

मग मी म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वेळी. थांबलो की सांगते.

पुढची वेळ सस्पेन्शनची. जुने शॉकअप, स्प्रिंगा सगळं काढून नवं टणक सामान टाकलं होतं, त्याची उंची पाना घेऊन कमी-जास्त करता येते. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीटही काढून टाकलेली, नुसता पत्रा. आणि उंची मोजायची तर चालवणारा आत बसलेला पाहिजे, पण चालवणारे बाबा, मोजणारेही बाबा. "तू बस माझ्या जागी," म्हणाले. "वजन किती तुझं?" चव्वेचाळीस. बाबांचं सत्तर. मग उरलेले सव्वीस किलो कुठून आणायचे? खोलीतून. फिजिक्सचे गठ्ठे, केमिस्ट्रीचे गठ्ठे, बायोलॉजीचे तर दोन, सगळे माझ्या मांडीवर आणि पायाशी. तेव्हा तुम्ही विचारलंत ना, भार्गवी रविवारी एवढी पुस्तकं घेऊन बाहेर कुठं चालली, केवढी अभ्यासू? तर ही अशी. मी आणि नोट्स मिळून एक बाबा होतो. आणि खरे बाबा खाली उकिडवे बसून चाक आणि पत्र्यामधली फट मोजतायत, "हलू नको, श्वास घे पण हलू नको." अशा वेळी कुणाला काही सांगता येतं का?

तेवढ्यात रत्नम्मा काकू आल्या, "सर, गंजगोलाईला सोडता का, भाजी आणायचीय." बाबांना नाही म्हणता येत नाही, हा आमच्या घरातला आजार आहे. पण सीट तर दोनच! मग मी गेटवर उभी आणि काकू गाडीत. माझ्या एका तासातली पंचवीस मिनिटं काकूंनी खाल्ली. परत आल्या त्या दरवाज्याला धरून उतरल्या, पिशवीतले टमाटे फुटलेले, आणि म्हणतात, "अय्यो, त्र्याण्णवच्या भूकंपाला पण एवढं हादरलं नव्हतं बा." मी हसले. बाबा हसले नाहीत. तेव्हा मला कळलं नाही का ते.

बघा, आली. चौथी. हात बाहेर काढून दोन बोटं दाखवली, बघितलंत? म्हणजे अजून दोन चकरा. मराठवाड्यातले सगळ्यात चांगले ब्रेक.

तर गेला रविवार. गेल्या रविवारी गाडी थांबली. चक्क थांबली, समोरच्या लिंबाखाली, बाबा उतरले आणि जॅक लावून चाकच काढलं. म्हणाले, ब्रेक दाबला की मऊ लागतोय, तेलात हवा शिरलीय, हवा काढायचीय आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, एकानं खाली नट सैल करायचा. नांदेडला हे काम माझंच होतं. बाबा म्हणणार "दाब", मी दाबणार. "धर", मी धरून ठेवणार. ते नट सैल करणार, तेल बाहेर, पेडल खाली जाणार. नट आवळला की म्हणणार "सोड". तोवर सोडायचं नाही, सोडलं तर हवा परत आत. मी विचारलं, "जिलानी चाचांकडं नाही का झालं?" बाबा खालूनच म्हणाले, "होतं की. त्यांच्याकडं माणसं आहेत." आणि जरा वेळानं, "त्यांना अंदाज नाही. तुझ्यासारखं दाबत नाहीत."

एकशे चाळीस किलोमीटर. ब्रेक मऊ असताना, हळूहळू चालवत. पेडल दाबायला मी लागते म्हणून! दाब. दाबलं. धर. धरलं. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, नुसता पाना आणि अर्धा खांदा दिसत होता, आणि पेडल खाली जायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मला घरी यायचंय."

सोड म्हणालेच नाहीत.

मी धरून बसले. पेडल पार तळाला. पाय थरथरायला लागला तरी धरून. मग खालून आवाज आला, "कधीपासून?"

"जूनपासून."

"ट्रंक?"

"पहिल्या आठवड्यातच भरली."

मग बाबा बोलायला लागले, आणि हे तर मुळीच सांगायचं नव्हतं, पण आता… ही ट्रंक बघा. सर ना लायबा थोडी. हे पांढऱ्या रंगातलं नाव वाचलंत? 'रेणुकादास, अकरावी'. बाबाही इथंच होते, त्र्याण्णवला, डॉक्टर व्हायला. त्यांनाही करमत नव्हतं, त्यांनाही सांगता आलं नाही. मग भूकंप झाला. त्यांच्या खोलीच्या भिंतीला बोटभर चीर पडली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा एसटीनं धावत आले आणि त्यांना घेऊन गेले, सगळे म्हणाले, पोरगं घाबरलंय, नका पाठवू परत. "मी घाबरलो नव्हतो," बाबा म्हणाले. "माझी ट्रंक आठ दिवस आधीच भरलेली होती. तिकडं किल्लारीला एवढी माणसं गेली, गावंच्या गावं गेली, आणि मी एसटीत बसून मनात म्हणत होतो, सुटलो. पंचवीस वर्षं झाली. हे मी तुझ्या आईला पण सांगितलं नाही." आणि मग म्हणाले, "मला न्यायला भूकंप लागला. तुला नको लागायला. रविवारी ट्रंक गेटवर आणून ठेव. आईला मी सांगतो."

आणि मग म्हणाले, "सोड." मी सोडलं. पण नट उघडाच होता! सगळी हवा परत आत, आणि इतका वेळ गळलेलं तेल पॅडवर, नव्या कोऱ्या पॅडवर. माझे बाबा, जे पाव मिलिमीटरसाठी मला श्वास धरायला लावतात, ते नट आवळायला विसरले. हवा परत काढली, गाडी कशीबशी नांदेडला नेली, आणि जिलानी चाचांनी पॅड बघून काय म्हटलं असेल ते इथं सांगण्यासारखं नाही. पॅड परत नवे. आता नवे पॅड म्हटल्यावर काय करायचं असतं? बोला. तुम्हालाही पाठ झालं. दहा वेळा तापवायचे आणि मग थांबायचं नाही. एवढं वाक्य मी बोलले, त्याची ही शिक्षा.

आली, पाचवी… थांबा, शेजारी कोण आहे? आई! आई आहे. काच खाली केली, "भार्गवी, अगं ह्या माणसाला काही कळ—" गेली. म्हणजे सांगितलं बाबांनी. खरंच सांगितलं. आईचा चेहरा रागाचा होता का? नाही, पण एवढ्या टणक स्प्रिंगांवर कुणाचाही चेहरा तसाच दिसतो. ती न्यायला आली असेल की समजवायला? समजवायला आली तर मी नाही म्हणू शकणार नाही, सांगितलं ना, घरातला आजार…

सहावी. गप्प बसा जरा, ऐकू द्या. "—घरी गेल्यावर बघते तुम्हा दोघांक—" ऐकलंत? घरी म्हणाली. दोघांकडं म्हणाली. लायबा, तू ऐकलंस ना, घरीच म्हणाली ना?

पण मग थांबा. सीट दोन. एक बाबांची. एका सीटवर आई. मागं नुसता पत्रा. म्हणजे मला न्यायला नांदेडहून दोघं आले आणि मला बसायला जागाच नाही. हसा, हसा. मी आपली मागं ह्या ट्रंकेवर बसेन, सकाळपासून तीच सवय चाललीय. पण काय गं, किती छान हसता तुम्ही, आणि लायबा, तू तर डोळे पुसायलीस. मला वाटायचं तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मीच कधी तोंड उघडलं नव्हतं. आज पहिल्यांदा एवढं बोलले, तेही जायच्या दिवशी. तुम्हाला खरं सांगू, आत्ता बोलता बोलता माझ्या मनात आलं की कदाचित मी इथं…

"भार्गवी, ये बा लवकर. थांबली बघ तुझी गाडी."

बघा. आता थांबली. आले, काकू… ऊठ लायबा, ट्रंक दे. मी काय म्हणत होते, की जूनमध्येच जर मी तुम्हाला हे सांगितलं असतं ना, तर—