थर्टी फर्स्टचा म्हातारा

साल कोणतं ते विचारू नका, माझा आता स्वतःच्या आठवणीवर फारसा भरवसा नाही. आम्ही तारोडीत भाड्याने राहत होतो आणि माझी नात ओवी अडीच वर्षांची होती, एवढं बहुतेक बरोबर असावं. थर्टी फर्स्टला शेजारच्या फिलोमिना विचारायला आल्या, "सर, जुना शर्ट-पँट हाय का? पोरांना म्हातारा बनवायचाय."

दिला. ओवीने दिवसभर वर्तमानपत्राचे बोळे करून त्याचं पोट भरलं. खुर्चीत बसवल्यावर त्याला बिस्किटही भरवलं. "आजोबा, आ करा." सरत्या वर्षाचा हा म्हातारा शेवटी जाळतात, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

लहान पोरांसाठी तो संध्याकाळीच पेटवायचं ठरलं. फिलोमिनांचा नवरा माझ्या मुलाला म्हणाला, "निखिल, काडी तूच लाव. बापाचाच शर्ट हाय ना!"

निखिलने काडी लावली आणि ओवी किंचाळली.

तिला उचलून मी सांगत राहिलो, "अगं, मी इथे आहे." ती ऐकेना. पुढे कित्येक महिने ती निखिलकडे गेली नाही. तो जवळ आला की माझ्या मागे लपायची नाही, माझ्यापुढे येऊन उभी राहायची.

"विसरेल हो ती," सून म्हणायची.

इतकी वर्षं धीर होत नव्हता, यंदा तिला विचारलं, "तुला तो म्हातारा आठवतो?"

"म्हातारा नाही आठवत," ती म्हणाली. "पेटवताना बाबा हसत होते, ते आठवतं."

माझा विश्वास बसेना. फिलोमिनांकडे त्या दिवसाचा व्हिडिओ अजून होता, तो मागून घेऊन पाहिला. निखिल हसत होता.