पोफळीच्या खताचे दाणे

मी सासऱ्यांची लाडकी कशी झाले, विचारता ना? खतामुळे झाले!

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती. मी लग्न होऊन दिवेआगरला आले, तेव्हा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकच काळजी होती. सुपारीच्या वाडीतल्या पोफळींना शेणखत आणि करंजाच्या पेंडीची भुकटी घातली की निम्मी पाटाच्या पाण्याबरोबर वाहून जायची. तिचे दाणे करायचे त्यांनी ठरवलं. ओला लगदा चाळणीतून दाबला, तर चाळणच बुजली. मग हाताने गोळ्या वळल्या, तर अख्ख्या दुपारीत टोपलीही भरेना.

तोवर मी त्यांच्याशी आपणहून कधी बोलले नव्हते. पण मला राहवेना. म्हटलं, "मामंजी, हलव्यासारखं करून बघू का?"

"कसला हलवा?"

"संक्रांतीचा. परातीत तीळ हलवत थोडाथोडा पाक घालतो, तसं."

मी परातीत कोरडी भुकटी घेतली आणि पाण्याचे शिंतोडे मारत परात फिरवत राहिले. बघता बघता वाटाण्याएवढे दाणे धरले. वाळवून पाटात टाकले, तर जागचे हलले नाहीत. मामंजी खुशीत स्वतःच परात फिरवायला बसले.

तेव्हा कुठे सासूबाईंचं लक्ष गेलं. "अहो, ती माझी पुरणाची परात!"

मी चटकन उठून उभी राहिले. मामंजी मान वर न करता म्हणाले, "आता ती वाडीची. तुला नवी आणतो."

सासूबाईंनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दोन आणा," त्या म्हणाल्या. "ही अजून काय काय करील, सांगता येत नाही."